हृदयोपचाराचा उरलेला हिशेब

(सोसायटीच्या रौप्य महोत्सवानिमित्त भरलेल्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला विषय दिला 'हृदयाचे आरोग्य'. मी म्हटलं, अहो, मी डॉक्टर नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस. काय खावं, किती चालावं, कोणती गोळी कधी घ्यावी हे सांगायचा मला अधिकार नाही. तेव्हा सचिव म्हणाले, "काका, हिशेब तर सांगू शकाल?" ते मात्र जमेल. म्हणून आज मी हृदयोपचाराच्या हिशेबाबद्दल बोलणार आहे. पण खर्चाच्या हिशेबाबद्दल नाही. तो प्रत्येक घराला पाठ आहे. उपचार झाल्यावर जे मागे उरतं, त्याच्या हिशेबाबद्दल.

सुरुवातीला एक विनंती. ज्यांच्या घरात रक्तदाबाची, कोलेस्ट्रॉलची किंवा मधुमेहाची रोजची गोळी आहे, त्यांनी हात वर करा. बघा. मागे वळून बघा. मोजण्यापेक्षा कोणाचा हात खाली आहे ते शोधणं सोपं जाईल. आता ज्यांच्या घरात कोणाला स्टेंट आहे, बायपास झाली आहे किंवा पेसमेकर आहे, त्यांनी हात वर करा. हेही कमी नाहीत.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा जिन्याखाली मुलांच्या सायकली असायच्या. आज तिथे एक व्हीलचेअर आहे आणि दोन वॉकर. यात दुःख करण्यासारखं काही नाही. उलट चांगल्या उपचारांमुळे आपण सगळे आज इथे बसलेलो आहोत. आपल्या वडिलांच्या पिढीत छातीत कळ आली की माणूस गेला असंच धरायचे. म्हणून पहिल्यांदाच स्पष्ट सांगतो, आज मी जे बोलणार आहे त्याचा अर्थ कोणी 'औषधं कमी करा' असा घेऊ नये. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करायची नाही. पर्यावरणासाठी तर मुळीच नाही.

मग बोलायचं काय? तर असं. आरोग्यसेवा ही सेवा असली तरी ती चालते विजेवर, प्लास्टिकवर, धातूंवर आणि रसायनांवर. 'हेल्थ केअर विदाऊट हार्म' या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ साली एक अहवाल काढला. जगातल्या एकूण हरितगृह वायूंच्या उत्सर्जनापैकी सुमारे ४.४ टक्के वाटा आरोग्य क्षेत्राचा आहे, असं त्यात दाखवलं होतं. आरोग्य क्षेत्र हा एक देश मानला, तर प्रदूषण करणाऱ्या देशांत त्याचा नंबर पाचवा लागेल. आणि यातला मोठा भाग हॉस्पिटलच्या इमारतीत होत नाही. तो औषधं आणि साहित्य तयार होताना, वाहून आणताना आणि फेकून देताना होतो.

आता हॉस्पिटलने काय करावं हे आपण इथे गच्चीवर बसून ठरवू शकत नाही. हृदयाच्या नळीत घालायची तार, फुगा, सुई या वस्तू एकदाच वापरून टाकाव्या लागतात, त्यामागे जंतुसंसर्ग टाळण्याचं कारण आहे. त्या कचऱ्यासाठी देशात २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आहेत. पिवळी, लाल, पांढरी, निळी अशी विभागणी आहे. तुम्ही वॉर्डात त्या रंगांच्या पिशव्या पाहिल्या असतील. आपल्या ठाण्याला तर याबाबत अभिमान वाटावा असं काम आहे. एन्व्हायरो व्हिजिल या ठाण्यातल्याच संस्थेने कळव्याला, छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाच्या आवारात, दवाखान्यांच्या कचऱ्यावर प्रक्रिया करणारं सामाईक केंद्र चालवलं. म्हणजे हॉस्पिटलच्या दारापर्यंत काहीतरी व्यवस्था आहे.

प्रश्न आहे तो आपल्या दारापासून पुढचा. डिस्चार्ज मिळून माणूस घरी आला की उपचारही घरी येतो. गोळ्या घरात, सुया घरात, आणि पेसमेकर तर आपल्या छातीत. त्या सगळ्याचं शेवटी काय होतं, हे विचारायची पद्धत आपल्याकडे नाही. या तीन गोष्टी मी एकेक करून घेतो.

पहिली गोष्ट, गोळ्या.

कुठल्याही घरातला औषधांचा डबा उघडा. चालू गोळ्या वर असतात, आणि खाली जुन्या. या जुन्या का उरतात? कधी डॉक्टरांनी डोस बदलला. कधी एका गोळीने खोकला येऊ लागला म्हणून दुसरी दिली. स्वस्त पडतात म्हणून तीन महिन्यांच्या एकदम आणल्या होत्या. आणि कधी ज्या माणसासाठी आणल्या तो माणूसच राहिला नाही. मग कोणीतरी एक दिवस डबा साफ करतं. काही गोळ्या केराच्या बादलीत जातात, सिरप बेसिनमध्ये, आणि मुलांच्या हाती लागू नयेत म्हणून काही संडासात टाकून पाणी सोडलं जातं. त्या माणसाला वाटतं, काम नीट झालं.

आता ते पाणी जातं कुठे? आपल्या कोपरीत महापालिकेचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, रोज १२० दशलक्ष लिटर क्षमतेचं. तिथे मैला, गाळ, जंतू यांचा बंदोबस्त होतो. पण असली केंद्रं औषधांचे रेणू पाण्यातून काढण्यासाठी बांधलेलीच नसतात. काही औषधं तिथे बऱ्यापैकी नष्ट होतात, काही तशीच पुढे जातात. पुढे म्हणजे आपली खाडी. हीच खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेली. म्हणजे जगाने महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा आपल्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. चेंदणी कोळीवाड्यातल्या जुन्या माणसांना विचारा, या खाडीने किती घरं पोसली ते.

कोणी म्हणेल, चार गोळ्यांनी खाडीचं काय बिघडणार? बरोबर आहे, चार गोळ्यांनी काही होत नाही. पण गोळ्या चार नाहीत. २०२२ मध्ये यॉर्क विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १०४ देशांतल्या २५८ नद्यांचं पाणी तपासलं. सगळ्यात जास्त ठिकाणी सापडलेल्या पदार्थांत एक नाव होतं मेटफॉर्मिन. ओळखीचं वाटलं ना? मधुमेहाची गोळी. मघाशी वर झालेल्या हातांपैकी निम्म्या घरांत ती असेल. मेटफॉर्मिन किंवा रक्तदाबाचं एटेनोलॉल ही औषधं शरीरात फारशी मोडत नाहीत, काम करून जवळजवळ जशीच्या तशी लघवीतून बाहेर पडतात. ते आपल्या हातात नाही. पण न घेतलेली गोळी थेट पाण्यात टाकणं, हे पूर्णपणे आपल्या हातात आहे.

आणि औषध चुकीच्या जागी पोचलं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या देशाने भोगलेलं आहे. डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं साधं औषध. ते गुरांना देऊ लागले. गुरं मेली की गिधाडं ती खायची, आणि मांसात उरलेल्या औषधाने गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. काही वर्षांत भारतातल्या गिधाडांच्या काही जाती ९५ टक्क्यांहून जास्त कमी झाल्या. कारण कळल्यावर २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद केलं. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळ चिरगावला लोकांनी गिधाडं जपली, म्हणून तिथे ती अजून दिसतात. औषध वाईट नव्हतं. ते कुठे जाऊन पोचेल हे कोणी आधी विचारलं नव्हतं, एवढंच.

मग उरलेल्या गोळ्यांचं करायचं काय? न उघडलेल्या आणि मुदत बाकी असलेल्या स्ट्रिप काही औषधविक्रेते बिल दाखवल्यावर परत घेतात, तेव्हा बिल जपून ठेवा. बाकीच्यांसाठी संकलन हवं. केरळमध्ये औषध नियंत्रण विभागाने घराघरांतली जुनी औषधं गोळा करून शास्त्रीय पद्धतीने नष्ट करण्याचा कार्यक्रम सुरू केला आहे. आपण आपल्या सोसायटीपुरतं करू शकतो, ते शेवटी सांगतो. एक अपवाद तेवढा लक्षात ठेवा. फेंटानिल, मॉर्फिन, ट्रॅमाडॉल अशी काही तीव्र वेदनाशामक आणि गुंगीची औषधं, एकूण १७, चुकून कोणी घेतली तर जिवावर बेततं. म्हणून ती उरली तर संडासात टाकून पाणी सोडावं, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२५ मध्ये सांगितलं आहे. हृदयाची, रक्तदाबाची, मधुमेहाची आपली नेहमीची औषधं त्या यादीत नाहीत.

आणि त्याहून सोपी गोष्ट म्हणजे उरूच न देणं. गोळी बदलून मिळाली की पहिल्यांदा पंधरा दिवसांचीच आणावी. सोसली, लागू पडली, की मग तीन महिन्यांची आणा. आणि शेजारधर्म म्हणून आपली उरलेली रक्त पातळ करणारी गोळी दुसऱ्याला कधीही देऊ नका. साखर उसनी द्यावी, वाटीभर रवा द्यावा, ही गोळी देऊ नये.

दुसरी गोष्ट, सुया.

हृदयरोग आणि मधुमेह ही जोडी तुम्हाला माहीत आहे. इन्सुलिनच्या सुया रोज निघतात. काही जणांना हॉस्पिटलातून आल्यावर रक्त गोठू नये म्हणून पोटावर घ्यायची इंजेक्शनं असतात. शिवाय बोटाला टोचून साखर तपासायच्या लहान सुया. हे सगळं बहुतेक घरांत ओल्या-सुक्या कचऱ्यात जातं. माझ्या माहितीतल्या एका सोसायटीत कचरा वेगळा करताना सफाई करणाऱ्या बाईंच्या हातात अशी सुई घुसली. सुई कोणाच्या घरची, कोणत्या आजाराच्या माणसाची, काही पत्ता नाही. मग त्यांच्या वाट्याला रक्ताच्या तपासण्या, प्रतिबंधक औषधं आणि काही महिन्यांची धाकधूक आली. त्या बाईंच्या घरी दोन शाळकरी मुलं होती. सुई ज्यांच्या घरातून आली त्यांना हे कधी कळलंही नसेल.

२०१६ च्या घनकचरा नियमांमध्ये घरातल्या सुया, सिरिंज, मुदत संपलेली औषधं आणि फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर यांना घरगुती घातक कचरा म्हटलेलं होतं. तो वेगळा ठेवून द्यावा, असं कायदाच सांगतो. करायचं काय, तर जाड प्लास्टिकचा, घट्ट झाकणाचा एखादा डबा घ्यायचा. प्रोटीन पावडरचा चालेल, डिटर्जंटचा चालेल. त्यावर मोठ्या अक्षरांत 'सुया' असं लिहायचं. सुई वापरली की थेट त्यात. डबा पाऊण भरला की चिकटपट्टीने बंद. एवढंच आहे. आपल्याकडे कचरा उचलणाऱ्या मावशी सकाळी सातला येतात. त्या आपलं दार वाजवतात तेव्हा आपण त्यांना काय देतो आहोत, हे आपल्याला माहीत असलं पाहिजे.

तिसरी गोष्ट, पेसमेकर. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण याबद्दल घरात कोणी बोलत नाही.

हृदयाला ठोके देणारी आपली आतली यंत्रणा मंदावली की पेसमेकर बसवतात. जगात पहिल्यांदा हे यंत्र माणसाच्या शरीरात बसवलं गेलं १९५८ मध्ये, स्वीडनमध्ये. त्या रुग्णाचं नाव आर्ने लार्सन. पहिलं यंत्र काही तासच चाललं. पण पुढे एकामागून एक वीसहून अधिक पेसमेकर बदलत तो माणूस २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगला. ज्यांनी त्याच्यावर उपचार केले त्या डॉक्टरांपेक्षाही जास्त! आजचा पेसमेकर म्हणजे काडेपेटीपेक्षा लहान, टायटॅनियमची बंद डबी. आत लिथियमची बॅटरी आणि सर्किट. ती गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत बसवतात आणि तिथून बारीक तारा शिरेवाटे हृदयापर्यंत जातात. बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षं चालते.

आता स्पष्ट बोलतो, कोणी अशुभ मानू नका. ज्याला पेसमेकर आहे तो माणूस जातो, तेव्हा यंत्र मात्र चालूच असतं. दहन करण्यापूर्वी ते काढावं लागतं. बॅटरी बंद डबीत आहे. उष्णता मिळाली की ती फुटते. १९७६ मध्ये इंग्लंडमध्ये असा स्फोट झाल्याची नोंद आहे आणि तेव्हापासून तिकडे दहनाआधी विचारणा होते. लाकडाची चिता असो, गॅस असो, वीज असो, धोका तोच. भट्टीचं नुकसान होतं आणि जवळ उभ्या माणसाला इजा होऊ शकते. स्मशानभूमीत काम करणाऱ्यांना हे माहीत असतं, पण घरचे सांगायला विसरतात. हॉस्पिटलात मृत्यू झाला तर तिथे काढतात. घरी झाला तर आपल्या डॉक्टरांना बोलवायचं. लहानशी चीर देऊन काही मिनिटांत ते निघतं. शॉक देणारं यंत्र असेल, ज्याला आयसीडी म्हणतात, तर ते आधी बंद करून मगच काढायचं असतं, नाहीतर काढणाऱ्यालाच झटका बसतो. स्टेंट मात्र काढायची गरज नाही, त्यात बॅटरी नसते.

काढल्यावर ती डबी घरच्यांच्या हातात येते. मी हे पाहिलं आहे. एका परिचितांचे वडील गेले. मुलाला हॉस्पिटलातून कागदपत्रांबरोबर एक छोटं पाकीट दिलं. त्यात वडिलांचा पेसमेकर होता. मुलगा म्हणाला, "काका, याचं काय करतात हो?" तेराव्यापर्यंत ते पाकीट देवघराच्या खालच्या कप्प्यात होतं. अस्थींबरोबर विसर्जन करावं की काय, असंही घरात बोलणं झालं. त्याला बसून जेमतेम दोन वर्षं झाली होती. म्हणजे बॅटरीचं बरंचसं आयुष्य शिल्लक होतं.

आता मी तुम्हाला मुंबईतलीच एक हकिकत सांगतो. वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये अशा पेसमेकरांचा पुन्हा वापर झाला. अमेरिकेत मृत्यू पावलेल्या लोकांचे पेसमेकर, त्यांच्या कुटुंबांच्या संमतीने, तिथल्या अंत्यविधी संस्थांकडून गोळा केले गेले. तिथे स्थायिक झालेल्या आपल्याकडच्या डॉक्टरांचा यात पुढाकार होता. ज्यांची बॅटरी ७० टक्क्यांहून जास्त शिल्लक होती तीच यंत्रं निवडली. ती साफ करून, निर्जंतुक करून, तपासून ५३ गरीब रुग्णांना बसवली. नवं यंत्र परवडणं त्यांना शक्यच नव्हतं. सुमारे पावणेदोन-दोन वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. एकालाही जंतुसंसर्ग झाला नाही. मजुरी करणारे पुन्हा कामावर गेले, घर सांभाळणाऱ्या बायका पुन्हा घरातली कामं करू लागल्या. २०१२ मध्ये हा अभ्यास अमेरिकेच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी मुंबईतल्या रुग्णांवरचा आणखी एक अभ्यास आला, शॉक देणाऱ्या यंत्रांचा. त्यात मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. यश लोखंडवाला सहभागी होते. ८१ रुग्णांना मिळून १०६ वापरलेली यंत्रं बसवली, कारण एकाची बॅटरी संपली की त्याच रुग्णाला दुसरं दिलं. निम्म्याहून जास्त रुग्णांच्या बाबतीत त्या यंत्राने धोक्याच्या क्षणी योग्य ते काम केलं. म्हणजे यंत्र नसतं तर यातले कितीतरी जण वाचले नसते. संसर्ग इथेही नाही.

बँकेत एक शिस्त असते. एका नोंदीवर विश्वास ठेवायचा नाही, दुसऱ्या वहीशी ताळा घ्यायचा. इथे ताळा कॅनडातून मिळतो. माँट्रियलच्या डॉक्टरांनी अशी यंत्रं मेक्सिको, ग्वाटेमाला अशा देशांत पाठवली होती. १,०५१ रुग्णांची तुलना त्यांनी कॅनडात नवं यंत्र बसवलेल्या रुग्णांशी केली. दोन वर्षांत संसर्गाचं प्रमाण जुन्या यंत्रात २ टक्के, नव्यात १.२ टक्के निघालं. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक ठोस ठरला नाही. हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी सात देशांतल्या २९८ रुग्णांची चाचणी जाहीर केली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून काहींना नवं यंत्र, काहींना पुन्हा तयार केलेलं यंत्र दिलं. पहिल्या ९० दिवसांत जुनं यंत्र नव्यापेक्षा कमी पडलं नाही.

मला यात महत्त्वाचं काय वाटतं सांगू? टायटॅनियमची डबी वाचली, लिथियम वाचलं, हे आहेच. पण पर्यावरण आणि गरिबाचा जीव या दोन गोष्टी इथे एकाच यंत्राने साधल्या. एरवी आपल्याला सांगतात की पर्यावरण सांभाळायचं तर कोणीतरी काहीतरी सोडावं लागेल. इथे कोणालाच काही सोडावं लागलं नाही. ज्याचं होतं त्याला आता त्याची गरज नव्हती.

पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे. पुनर्वापर या नावाखाली गैरप्रकारही होऊ शकतो. रुग्णाला न सांगता वापरलेली वस्तू वापरायची आणि बिल नव्या वस्तूचं लावायचं, ही सरळ फसवणूक आहे. तिचा पर्यावरणाशी काही संबंध नाही. मी ज्या अभ्यासांबद्दल बोललो त्यांत तीन गोष्टी होत्या. देणाऱ्या कुटुंबाची संमती, घेणाऱ्या रुग्णाची संमती, आणि यंत्राचे पैसे नाहीत. या तिन्हींपैकी एक जरी नसेल, तर आपण त्यात पडायचं नाही. अमेरिकेत तिथल्या रुग्णांसाठी असा पुनर्वापर करायला परवानगी नाही, हेही लक्षात घ्या. म्हणून आपण काय करायचं? ज्या हॉस्पिटलात यंत्र बसवलं, तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांना आत्ताच, माणूस हिंडता-फिरता असतानाच विचारून ठेवायचं, की पुढे हे यंत्र तुम्ही परत घ्याल का आणि त्याचं काय कराल. पुनर्वापर होत नसेल तर निदान ते हॉस्पिटलच्या व्यवस्थेत जाईल. २०१६ च्या नियमांत शरीरात बसवलेल्या धातूच्या वस्तूंसाठी निळा वर्ग आहेच. देवघरात, कपाटात किंवा खाडीत तरी ते जाणार नाही.

आपल्याकडे नेत्रदानाचा अर्ज लोक स्वतः भरतात, देहदानाचा भरतात. त्या वेळी रडणाऱ्या मुलांना ठरवायला लावत नाहीत. पेसमेकरचंही तसंच असावं, असं मला वाटतं. मुलांवर तो प्रश्न टाकू नये. आपण लिहून ठेवावं.

आता थोडक्यात चौथी गोष्ट, जिच्यावर आधीच्या तिन्ही गोष्टी अवलंबून आहेत. उपचाराची गरजच कमी पडली तर त्याचा कचराही कमी. हृदयाला मीठ, तंबाखू, बैठं आयुष्य यांचा त्रास होतो हे तुम्ही डॉक्टरांकडून ऐकता. पण हवेचाही होतो. पीएम २.५ नावाचे कण केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याइतके बारीक असतात. ते फुप्फुसातून रक्तात उतरतात आणि रक्तवाहिन्यांना सूज आणतात. वर्षाच्या सरासरीत जागतिक आरोग्य संघटनेने त्यांची मर्यादा ५ मायक्रोग्रॅम सांगितली आहे, आपल्या देशाची मर्यादा ४० आहे. आपण पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेला राहतो. तो आपण हलवू शकत नाही. पण कंपाउंडजवळ पालापाचोळा पेटवायचा नाही, हे आपल्या हातात आहे. मुलाला आणायला आल्यावर गेटवर गाडीचं इंजिन चालू ठेवायचं नाही, हे आपल्या हातात आहे. मागच्या बाजूची तिवरं शाबूत राहावीत म्हणून बोलायचं, हेही आपल्या हातात आहे. आणि ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी दोन मजल्यांसाठी लिफ्टचं बटण दाबू नये. वीजही वाचेल आणि हृदयही.

आणखी एक. एकच तपासणी दोनदा होते, कारण आधीचा कागद सापडत नाही. दुसरा ईसीजी, दुसरा एक्स-रे, दुसऱ्यांदा रक्त. पैसा गेला तो गेलाच, शिवाय वीज, प्लास्टिक, रसायनं हेही फुकट. पासबुक जसं जपता तशी तब्येतीची फाइल जपा. तारीखवार लावा. रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेत बसताना ती फाइल बरोबर असली, तर तुमचं निदानही लवकर होईल.

तेव्हा आता सूचना मांडतो. समितीने त्या येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्याव्यात, अशी विनंती आहे.

एक, सोसायटीच्या ऑफिसात कुलूपबंद पेटी ठेवावी. तिच्यात फक्त उरलेली आणि मुदत संपलेली औषधं टाकायची. दर तीन महिन्यांनी ती महापालिकेच्या घनकचरा विभागाशी बोलून अधिकृत प्रक्रिया केंद्राकडे द्यावी. येणारा खर्च सगळ्या घरांत वाटला तर चहाच्या एका कपाएवढाही पडणार नाही.

दोन, ज्या घरांत सुया वापरल्या जातात त्यांना सोसायटीने एकेक जाड डबा द्यावा, आणि भरलेला डबा सफाई कामगारांच्या हातात न देता ऑफिसात जमा करावा. रौप्य महोत्सवाच्या निधीतून एवढं नक्की होईल.

तीन, सभासदांच्या माहितीचा जो अर्ज आपण भरून घेतो, त्यात स्वेच्छेने भरायची एक ओळ वाढवावी. घरात कोणाला पेसमेकर किंवा आयसीडी आहे का, कोणत्या हॉस्पिटलात बसवला, आणि पश्चात त्याचं काय व्हावं अशी इच्छा आहे. ही माहिती सचिवांकडे गोपनीय राहावी. रात्री-अपरात्री प्रसंग आला तर घरच्यांना आठवण करून देणारं कोणीतरी असेल.

चार, आपल्या तरुण मुलांनी महिन्यातून एक रविवार ज्येष्ठांच्या घरी जाऊन त्यांच्या फाइली लावून द्याव्यात आणि औषधांचा डबा बघावा. निमित्ताने दोन घटका गप्पाही होतील. औषधापेक्षा त्याचीच काही घरांत जास्त गरज आहे, हे मी जास्त सांगायला नको.

बँकेत खातं बंद करायला ग्राहक आला की आम्ही न वापरलेले चेक परत मागायचो, कार्ड मागायचो, लॉकरची किल्ली मागायचो. त्याच्याकडे काही राहू नये आणि कोणाच्या भलत्या हाती लागू नये म्हणून. उपचाराचं खातंही तसंच नीट बंद झालं पाहिजे. गोळी पेटीत, सुई डब्यात, यंत्र डॉक्टरांकडे. एवढं आपण पंचवीस वर्षांच्या शेजाऱ्यांनी मिळून केलं, तर आपल्या सफाईवाल्या मावशींना त्याचा उपयोग होईल, आपल्या खाडीला होईल, आणि कोणी सांगावं, आपल्यापैकी कोणाच्या तरी छातीतलं यंत्र उद्या एखाद्या मजुराला पुन्हा कामावर पाठवेल.